ताम्हण लावायचा तर आधी पाणी बघा

मावळात शेतघराचं किंवा बंगल्याचं बांधकाम आटोपत आलं की झाडांचा विषय निघतो आणि तो बहुधा रंगावरून सुरू होतो. फाटकाशी लाल हवं, कुंपणाला पिवळं हवं, एखादं जांभळं मिळालं तर उत्तमच. जांभळ्याच्या खात्यात अलीकडे ताम्हणाचं नाव आवर्जून घेतलं जातं, आणि ते योग्यच आहे. तो महाराष्ट्राच्या राज्यपुष्पाचा मानकरी आहे, इथल्याच मातीतला आहे, एप्रिल-मेच्या काहिलीत फुलतो आणि त्याचं लाकूडही कामाचं असतं. तरीही कामशेतपासून लोणावळ्यापर्यंत फाटकाशेजारच्या मुरमात लावलेले ताम्हण पुष्कळदा खुरटलेले दिसतात. दहा वर्षांचं झाड डोक्याएवढं, पानं कडेनं करपलेली, फुलोरा हातभरसुद्धा नाही. यात झाडाचा दोष नाही. आपण जागा रंग बघून ठरवतो आणि हे झाड मात्र पाणी बघून वाढतं. ताम्हण लावायचा असेल तर आवारात पाणी कुठे रेंगाळतं हे आधी शोधावं आणि झाडाची जागा त्यावरून ठरवावी, एवढं एकच म्हणणं या लेखात मांडायचं आहे. फूल, लाकूड, छाटणी, निगा हे सगळे प्रश्न त्यामागोमाग सुटत जातात.

याचा पुरावा झाडाच्या मूळ घरातच आहे. रानात ताम्हण भेटतो तो कोकणातल्या नद्यांच्या काठी, घाटाच्या पायथ्याच्या ओढ्यांलगत, सखल आणि ओलसर जागी. आपल्याकडून पूर्वेला गेलं तर बंगाल, आसाम आणि म्यानमारमध्येही त्याची वस्ती नदीकाठची आणि पाणथळ मैदानातलीच आहे. हिंदी-बंगालीत त्याला जारूल म्हणतात. पावसाळ्यात काही दिवस बुंध्याशी पाणी साचलं तरी तो कुजत नाही. उन्हाळ्यात मात्र मुळांना खोलवर ओल लागते. कडुनिंब किंवा बहावा कोरड्या माळावर तग धरतो म्हणून ताम्हणही धरेल असं समजणं म्हणजे भाताचं रोप बाजरीच्या रानात लावणं. भाताचीच उपमा घ्यायचं कारण असं की मावळच्या शेतकऱ्याला हा फरक शिकवावा लागत नाही. कुठल्या खाचरात भात पिकेल आणि कुठला तुकडा वरकस म्हणून नाचणी-वरईला सोडावा, हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तेच शहाणपण झाड लावताना वापरायचं आहे.

इथे कोणी म्हणेल की लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, मग पाण्याची काळजी कशाला? आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. पण चार हजार मिलिमीटर पाऊस पडणं वेगळं आणि त्यातलं पाणी मुळांपाशी राहणं वेगळं. घाटमाथ्यावर कातळावर मातीचा थर पातळ आहे, उतार तीव्र आहेत, आणि पडलेलं पाणी बघता बघता ओढ्याला लागतं. ते वाहून जाऊ नये म्हणूनच टाटांनी लोणावळा, वळवण आणि शिरवता इथे धरणं बांधली आणि 1915 साली खोपोलीत वीज तयार करायला सुरुवात केली. जे पाणी अडवायला एवढ्या भिंती घालाव्या लागल्या, ते एका रोपाच्या आळ्यात आपण होऊन थांबेल ही आशा व्यर्थ आहे. शिवाय पाऊस चार महिन्यांचा. ऑक्टोबर सरला की पुढे मेअखेरपर्यंत जवळजवळ कोरडं, आणि ताम्हणाची नवी पालवी आणि बहर नेमका त्या कोरड्या काळाच्या शेवटी. वडगाव-तळेगावकडे जसजसं यावं तसतसा पाऊस झपाट्याने कमी होतो, पण तिथे माती खोल असते. म्हणून इंद्रायणी किंवा पवनेच्या खोऱ्यातला खोल मातीचा तुकडा घाटमाथ्यावरच्या धो-धो पावसाच्या कातळापेक्षा ताम्हणाला अधिक मानवतो.

तेव्हा जागा शोधायची कशी? पावसाळा संपल्यावर, नोव्हेंबरात, आवारात एक फेरी मारावी. सगळीकडचं गवत पिवळं पडलेलं असताना जिथे हिरवं टिकून असतं, तो कोपरा ताम्हणाचा. ओढ्याची कड, खाचराच्या सर्वांत खालच्या बांधाची बाहेरची बाजू, विहिरीच्या पाटाचा शेवट, छपराचं पाणी उतरतं ती जागा, स्वयंपाकघराचं सांडपाणी जिरतं तो भाग, या सगळ्या जागा चालतात. शेततळ्यापाशी लावायचा तर भरावावर लावू नये, मुळं भराव आणि अस्तर दोन्ही बिघडवतात. भरावाखाली जिथे ओल पाझरते तिथे लावावा. दुसरी अट उन्हाची. दिवसाकाठी सहा-सात तास सरळ ऊन मिळालं नाही तर झाड वाढेल, पण फुलणार नाही. कोंदट सावलीत पानांवर भुरीही लवकर धरते. तिसरी अट डोक्यावरच्या जागेची. खोल मातीत हे झाड पंधरा-वीस मीटरपर्यंत जातं. विजेच्या तारांखाली लावलं तर पावसाळ्यापूर्वीची छाटणी अटळ आहे आणि ती नेमकी बहराच्या दिवसांत येते. घराच्या भिंतीपासून निदान पाच मीटर सोडावेत.

या तिन्ही अटी जिथे पुऱ्या होत नाहीत तिथे ताम्हणाचा हट्ट धरू नये, हे मी मुद्दाम सांगतो. राजमाचीच्या वाटेवरची किंवा खंडाळ्याच्या कड्याजवळची जागा, जिथे जुलैचा वारा माणसाला उभं राहू देत नाही आणि माती वीतभर आहे, ती ताम्हणाची नव्हे. तिथे त्याचा चुलतभाऊ नाणा लावावा. घाटातल्या जंगलात तो मूळचाच आहे. फुलं बारीक आणि पांढरी, पण खोडाची गुळगुळीत, फिकट साल इतकी देखणी की पानगळीत नुसतं खोड बघत राहावं, आणि लाकूड ताम्हणाच्या तोडीचं. हिरडा, जांभूळ, अंजनी हीसुद्धा त्याच जागेची झाडं. फादर सांतापाव यांनी खंडाळ्याच्या वनस्पतींवर लिहिलेला ग्रंथ 1953 साली प्रसिद्ध झाला. लोणावळा-खंडाळ्यात काय उगवतं हे इतक्या बारकाईनं नोंदलेलं असताना इथे अंदाजानं झाडं लावण्याचं कारण उरत नाही.

जागा ठरली की रोप. रोपवाटिकेत ‘ताम्हण’ म्हणून जे देतात ते ताम्हणच असेल असं नाही. याच वंशातली आग्नेय आशियातली झाडं शोभेसाठी सर्रास विकली जातात. त्यांचा फुलोरा दाट असतो, पण एकाच तुऱ्यात गडद जांभळी, फिकट गुलाबी आणि जवळजवळ पांढरी झालेली फुलं एकत्र दिसतात, आणि प्रत्येक फूल लहान असतं. चिनी मेंदी तर झुडूपच आहे. अस्सल ताम्हणाचं फूल हातात घेऊन बघावं. रुंदी दोन-अडीच इंच, बहुधा सहा पाकळ्या, प्रत्येक पाकळी खाली देठासारखी निमुळती आणि वर पसरट, कडा अशा चुरगळलेल्या की मुठीत दाबून ठेवलेलं रेशीम नुकतंच सोडलं आहे. मधे पिवळ्या पुंकेसरांचा झुबका. फूल उलटं केलं की खालचा वाटीसारखा निदलपुंज दिसतो, त्यावर उभ्या पन्हाळी आणि तांबूस मखमली लव. बोट फिरवलं की लव जाणवते. तुरा फांदीच्या टोकाला उभा राहतो आणि खालच्या कळ्या आधी, वरच्या नंतर अशा क्रमानं उमलतो, त्यामुळे एकच तुरा बरेच दिवस पुरतो. रोप घेताना फूल नसतंच, म्हणून पाटीवर लॅगरस्ट्रोमिया स्पेसिओसा हे नाव आहे का ते विचारावं आणि शक्य असेल तर ज्या झाडाचं बी घेतलं ते झाड दाखवायला सांगावं.

त्याहून उत्तम म्हणजे रोप आपणच करावं. ताम्हणाची बोंडं डिसेंबरपासून वाळून तपकिरी होतात आणि महिनोन्‌महिने झाडावर राहतात. बोंड लाकडासारखं टणक, बोराएवढं किंवा थोडं मोठं, तळाशी निदलाची चांदणी तशीच चिकटलेली. पूर्ण वाळलं की पाच-सहा फाकांत उकलतं आणि आतलं चपटं, एका बाजूला पातळ पंख असलेलं बी वाऱ्यावर उडून जातं. म्हणून तडकलेली बोंडं गोळा करण्यात अर्थ नसतो, ती बहुतेक रिकामी निघतात. न उकललेली तपकिरी बोंडं तोडून कागदी पिशवीत घालावीत आणि पिशवी दोन-तीन दिवस उन्हात ठेवावी. बोंडं पिशवीतच उकलतात आणि बी तळाशी जमतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये पसरट ट्रेमध्ये निम्मी वाळू, निम्मी चाळलेली पोयट्याची माती घालून त्यावर बी पसरावं आणि वरून जेमतेम झाकेल एवढीच वाळू भुरभुरावी. खोल पुरलेलं बी उगवत नाही. झारीनं नव्हे, फवाऱ्यानं पाणी द्यावं. उगवण सावकाश होते, दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत, आणि ती कमीच असते. म्हणून दहा रोपं हवीत तर शंभर बिया टाकाव्यात आणि ट्रे लवकर रिकामा करू नये. चार पानांवर आलेली रोपं पिशव्यांत हलवावीत आणि एक वर्ष पिशवीतच वाढवावीत. पहिल्या पावसाळ्यात बोटभर रोप जमिनीत लावण्याची घाई झाली की गवत त्याला गिळतं.

लावणीच्या वेळेबाबत मावळात एकच नियम चालत नाही. वडगाव, तळेगाव, पवन मावळाच्या सखल भागात जूनअखेरीस, जमीन चांगली भिजली की लावावं. लोणावळा-खंडाळ्याला मात्र जुलैच्या झोडपत्या पावसात रोपाची पानं फाटतात आणि आळ्यातली माती वाहून जाते. तिथे एक तर पहिल्या सरींनंतर लगेच काठीच्या आधारानं लावावं, नाहीतर ऑगस्टच्या शेवटापर्यंत थांबावं. थांबलात तर हिवाळ्यापासूनच पाणी देण्याची तयारी ठेवावी लागते, कारण मुळांना पसरायला ओल्या मातीचे दिवस थोडे मिळतात. खड्डा तीन फूट लांब, रुंद आणि खोल असावा आणि तो मे महिन्यातच खणून तापू द्यावा. मुरूम निघाला तर तो बाजूला काढून खड्डा पोयटा आणि दोन-तीन घमेली कुजलेल्या शेणखतानं भरावा. पहिले तीन उन्हाळे हे खरे कसोटीचे. आठवड्यातून दोनदा थोडं-थोडं शिंपडण्यापेक्षा एकदाच दोन-तीन बादल्या पाणी आळ्यात मुरवावं, म्हणजे मुळं वर न राहता खाली जातात. आळ्यावर वीतभर पालापाचोळा अंथरावा. अंगण फरशीनं मढवायचं असेल तर बुंध्याभोवती निदान चार फुटांची माती मोकळी ठेवावी. सिमेंट बुंध्याला भिडवलेलं झाड हळूहळू तहानेनं मरतं आणि मालक त्याच्यावर कीड शोधत बसतो.

डोंगराकडेच्या जागेत दोन शत्रू आणखी असतात, गुरं आणि वणवा. गुरांसाठी करवंदी-बोरीच्या काट्यांचं कुंपण लोखंडी जाळीइतकंच काम करतं. वणव्याचा धोका फेब्रुवारीपासून. लोहगड-विसापूरच्या उतारांवर सुक्या गवताला लागलेली आग तासाभरात खालच्या शेतांपर्यंत येते. जानेवारीतच रोपांभोवती दोन-तीन मीटरचा पट्टा गवत कापून मोकळा करावा. मग आच्छादनाचं काय, असा प्रश्न येईल. आगीची भीती असेल तिथे पालापाचोळ्याऐवजी दगड मांडावेत, ओल तेही धरतात.

आता फूल की लाकूड हा प्रश्न. दोन्ही एकाच झाडाकडून भरभरून मागता येत नाही आणि हे लावतानाच ठरवावं लागतं. फुलांसाठी झाड मोकळं हवं, दोन झाडांत सात-आठ मीटर अंतर, फांद्या खालपासून पसरू द्यायच्या, कारण तुरे नव्या फुटीच्या टोकाला येतात आणि जेवढी टोकं तेवढा बहर. छाटणी करायची ती पानगळ झाल्यावर, जानेवारी-फेब्रुवारीत, नवी पालवी फुटण्याआधी. मार्च-एप्रिलमध्ये कोयता लावला तर त्या वर्षीचा बहर गेलाच म्हणून समजावं. झाड लहान असताना बियाण्यापुरती बोंडं ठेवून बाकीची खुडली तर ताकद नव्या फुटीला मिळते. लाकडासाठी उलट, रोपं तीन-तीन मीटरवर दाट लावावीत म्हणजे ती उजेडासाठी सरळ वर जातात. खालच्या फांद्या कोवळ्या असतानाच खोडालगत काढाव्यात आणि दहा-बारा वर्षांनी एकाआड एक झाड विरळावं. बांधावर एक ओळ लाकडाची आणि अंगणात एखादं झाड फुलाचं, अशी वाटणी केली तर दोन्ही साधतं.

लाकडाबद्दल सर्वांत मोठा आक्षेप बाजाराचा असतो. वखारीत गेलं की सागाचा भाव ऐकायला मिळतो, ताम्हणाला कोण विचारतं? हे खरं आहे आणि ते लपवून कोणालाही ताम्हणाची बाग लावायला सांगणं बेइमानी ठरेल. रोख उत्पन्नाचं पीक म्हणून ताम्हण लावू नये. पण बाजारात भाव नाही याचा अर्थ लाकडात दम नाही असा होत नाही. तांबूस, कठीण, बऱ्यापैकी वजनदार असं हे लाकूड पाण्यात टिकण्यासाठी नावाजलेलं आहे. होड्या, बैलगाड्या, घराचे खांब आणि वासे यांसाठी ते पूर्वापार वापरात आहे, आणि जिथे ताम्हण मुबलक आहे त्या आसामात इमारती लाकडात त्याचा मान वरचा आहे. तीस-चाळीस वर्षांनी घराची दुरुस्ती काढणाऱ्या नातवाला बांधावरच्या झाडाचे वासे मिळाले तर त्याला वखारीची पायरी चढावी लागणार नाही. हा हिशेब रोखीचा नाही, घरच्या गरजेचा आहे. तोडताना मात्र कायदा पाहावा. लोणावळा आणि तळेगाव दाभाडे नगरपरिषदांच्या हद्दीत 1975 च्या झाडांच्या संरक्षण व जतन अधिनियमाखाली परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, ते आपल्या आवारातलं असलं तरी. गावाच्या हद्दीतही आधी वनखात्याकडे चौकशी करूनच कुऱ्हाड उचलावी.

दुसरा आक्षेप गुलमोहराच्या बाजूनं येतो. तो भराभर वाढतो, पाणी मागत नाही, लालभडक फुलतो, मग हा खटाटोप का? गुलमोहर सुंदर आहे यात वाद नाही. पण मादागास्करहून आलेल्या या झाडाचं लाकूड ठिसूळ आणि मुळं उथळ असतात. घाटाच्या वाऱ्यापावसात त्याच्या फांद्या मोडून पडणं नेहमीचं. गाडीवर किंवा कौलांवर पडलेली एक फांदी वाचवलेल्या पाण्याचा हिशेब चुकता करते. शिवाय योग्य जागी लावलेला ताम्हण काही पिढ्या थांबायला लावत नाही, ओल आणि ऊन मिळालं तर चार-पाच वर्षांत पहिले तुरे धरतो. पानं झडल्यावर दोन महिने तो उघडा दिसतो ही तक्रार मात्र मान्य करायला हवी. तरी गळण्याआधी त्याची पानं तांबूस-लाल होतात, आणि मावळच्या थंडीत कोवळं ऊन अंगणात येऊ देणारं झाड दक्षिणेच्या बाजूला असणं सोयीचंच.

तिसरी गोष्ट कोणी आक्षेप म्हणून मांडत नाही, पण मांडायला हवी. देशी झाड लावलं की पाखरांची सोय झाली असं आपण मानतो. ताम्हणाच्या बाबतीत ते फारसं खरं नाही. फुलांवर भुंगे आणि मधमाश्या परागासाठी येतात, पण टणक बोंडात फळ खाणाऱ्या पाखरांना काही नाही. म्हणून दोन ताम्हणांमागे एक उंबर किंवा जांभूळ लावावा. त्या दोघांनाही ओढ्याकाठची तीच ओल आवडते, म्हणजे जागा पुन्हा शोधावी लागत नाही. आणि पानांच्या काढ्याबद्दल एक शब्द: फिलिपिन्समध्ये या झाडाला बनाबा म्हणतात आणि मधुमेहावर त्याच्या पानांचा चहा घेतात, ते ऐकून इथे कोणी डॉक्टरांनी दिलेलं औषध बंद करू नये.

महाराष्ट्र दिनाच्या आसपास इंद्रायणी-पवनेच्या खोऱ्यात फिरताना फुललेला ताम्हण दिसला तर तो कुठे उभा आहे, पायाशी ओढा आहे की विहीर, हे नीट पाहून ठेवा आणि ते झाड लक्षात ठेवा. डिसेंबर-जानेवारीत मालकाला विचारून त्याच झाडाची न उकललेली बोंडं कागदी पिशवीत घेऊन या.